पणजोबा सापडत नसतील तर आधी पणजीला शोधा

वंशवेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला असते, वय ६८, बँकेतून रिटायर झालेय. मुलगी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला, जावई तिथलाच. नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायला दिली होती, आमच्या बाजूचं मी अर्ध्या तासात लिहून दिलं कारण घरात वंशावळ होतीच, पण जावयाच्या बाजूला गाडी अडली. विहीणबाई म्हणतात त्यांच्या माहेरची माणसं फ्रेंच-कॅनेडियन, आणि माहेरचं आडनाव मात्र किंग! हे कसं ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्याकडे मॅसॅच्युसेट्समधल्याच लॉवेल शहरातल्या एका स्टुडिओतला फोटो आहे, खुर्चीत मिशीवाले गृहस्थ आणि शेजारी उभी बाई, मागे पेन्सिलने "मेमेर आणि पेपेर" एवढंच. हे विहीणबाईंचे पणजोबा-पणजी, पणजोबा लॉवेलला कापडाच्या मिलमध्ये होते म्हणे. शाळेचं काम कधीच संपलं पण मला चैन पडेना, रोज दुपारी झोपायच्या ऐवजी लॅपटॉप घेऊन बसते. अमेरिकेच्या जनगणनेत ते सापडले, १९००, १९१० आणि १९२० तिन्ही वेळा, पण अमेरिकेत आल्याचं वर्ष एकदा १८७९, एकदा १८८२, एकदा १८७८! बायकोचं नाव नुसतं मेरी. कॅनडात शोधलं तर किंग आडनावाचे सगळे इंग्रज नाहीतर आयरिश निघतात. बोटींच्या याद्याही चाळल्या, तिथे नाहीत. आता पुढे काय करू? आणि परक्या घराचं हे सगळं उकरणं बरं दिसतं का, तेही सांगा.

उत्तर : काकू, परकं घर कसलं, नातवाचंच घर आहे ते. आणि तुम्ही एकटीने नाशिकमध्ये बसून तीन जनगणना शोधल्यात, मला तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. मी १९ वर्षं त्या भागात राहून आलेय आणि फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांचं हे काम मी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खूप केलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी किंगचं कोडं. मूळ आडनाव बहुतेक रॉय असणार. स्पेलिंग अगदी आपल्या बंगाली रॉयसारखंच, पण फ्रेंच लोक उच्चार करतात "र्वा", आणि र्वा म्हणजे राजा. (बंगाली रॉयही राजावरूनच आलंय, किती गंमत आहे बघा.) मिलमधल्या मुकादमाला किंवा शाळेतल्या बाईंना र्वा लिहिता यायचं नाही, मग कुणीतरी भाषांतरच करून टाकायचं, किंग. असं शेकडो घरांचं झालंय. लब्लांचे व्हाइट झाले, लेव्हेकचे बिशप झाले, ब्वाव्हेर म्हणजे हिरवं लाकूड म्हणून ग्रीनवुड झाले, कूर्तमांश म्हणजे आखूड बाही म्हणून चक्क शॉर्टस्लीव्ह झाले. काहींचं भाषांतर नाही झालं, नुसतं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं गेलं, आर्शांबोचं शॅम्बो. म्हणून कॅनडात किंग शोधूच नका, तिथे ते किंग नव्हतेच. आणि फोटोमागचं मेमेर-पेपेर हा तर पक्का पुरावा आहे की घर फ्रेंच-कॅनेडियन, न्यू इंग्लंडमधली (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूच्या राज्यांतली) ही मंडळी आजी-आजोबांना आजही तसंच म्हणतात. विहीणबाईंना एकदा विचारा ख्रिसमसला घरी तुर्तिएर नावाचा, आत खिमा भरलेला "मीट पाय" (pie) व्हायचा का, बघा त्या किती वेळ बोलतात.

बोटींच्या याद्या बंद करा. ते बोटीने आले नाहीत, ट्रेनने आले. माँट्रियलहून समुद्राकडे, मेन राज्यातल्या पोर्टलंडपर्यंत रेल्वे १८५३ ला पूर्ण झाली, पुढे फाटे वाढत गेले, आणि क्वेबेकमधल्या (हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत) गावातून निघालेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी मिलच्या दारात उभं असायचं. आणि १८९५ च्या आधी कॅनडातून जमिनीवरून येणाऱ्यांची अमेरिका नोंदच ठेवत नव्हती. तुमचे पणजोबा त्याच्या खूप आधी आलेत, म्हणजे "आल्याचा कागद" असा नाहीच आहे. तो नाही म्हणून हळहळू नका, नसलेल्या कागदामागे लोकांची वर्षं जातात.

आता ती तीन वर्षं. तुम्हाला वाटतंय यातलं एक खरं आणि दोन चुकलेली. मला वाटतं तिन्ही खरी असू शकतात. हे लोक एकदा आले आणि राहिले असं नव्हतंच, हिवाळा मिलमध्ये काढायचा, थोडे पैसे साठले की गावाकडची उधारी फेडायला परत, शेत नाही पिकलं की पुन्हा लॉवेल. एक मूल मॅसॅच्युसेट्सला जन्मलेलं, पुढचं क्वेबेकला, तिसरं परत मॅसॅच्युसेट्सला अशी घरं मी पाहिलीयेत. आपल्याला हे नवीन नाही ना काकू? गिरणगावातल्या एखाद्या आजोबांना विचारा मुंबईत कधी आलात, ते म्हणतील पहिल्यांदा अमुक साली, मग गावी गेलो, मग लग्न झाल्यावर पुन्हा आलो. कोकणातल्यासारखंच तिथेही होतं, जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, प्रत्येक घरात दहा-बारा मुलं, वाटण्या करून करून कुणालाच काही उरेना, वर कर्ज. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून साधारण नऊ लाख माणसं अमेरिकेत गेली. लॉवेल, फॉल रिव्हर, होलिओक, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन, जिथे नदी आणि मिल तिथे एक "लिटल कॅनडा" वस्ती. या येण्याजाण्याचा तिथे लोकांना राग होता, १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कामगार खात्याच्या अहवालात तर यांना "पूर्वेकडच्या राज्यांचे चिनी" असं लिहिलं होतं, येतात, पैसा कमावतात, परत जातात, इथले होत नाहीत म्हणून. मंडळी एवढी दुखावली की त्याच वर्षी खात्याला सुनावणी घ्यावी लागली. तुमचे पणजोबा तेव्हा नुकतेच आलेले तरुण होते, हे त्यांच्याबद्दलच लिहिलं होतं असं धरून वाचा, मग ती जनगणनेतली आकड्यांची ओळ वेगळी दिसायला लागते.

आणि एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या मुंबईला जोडलेली आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेचा कापूस बंद झाला. तिकडे लॉवेलच्या मिल ठप्प, कामगार घरी, आणि इकडे इंग्लंडला कापूस हवा म्हणून मुंबईत सोन्याचा पाऊस. १८६५ ला लढाई संपली, मुंबईत शेअरबाजार कोसळला, आणि लॉवेलच्या मिल पुन्हा सुरू झाल्या. पण जुने कामगार पांगलेले होते, मग मिलवाल्यांनी माणसं क्वेबेककडून आणायला सुरुवात केली आणि तिथून ही लाट खरी वाढली. १८६८ ला लॉवेलला फ्रेंच लोकांसाठी सेंट जोसेफ पॅरिश (म्हणजे एक चर्च आणि त्याच्या हद्दीतली वस्ती) झालं, फादर गारँ यांनी उभं केलं. तेव्हा तुमच्या घराला या गोष्टीशी काही देणंघेणं नाही असं मुळीच समजू नका.

आता मुख्य काम. पणजोबांना सोडा, पणजीला शोधा. तिचं माहेरचं आडनाव मिळालं की तुमचं ८०% काम झालं. का ते सांगते. क्वेबेकच्या चर्चमध्ये बाईचं नाव लग्नानं बदलत नसे. बाप्तिस्म्याला, लग्नाला, मुलांच्या बाप्तिस्म्याला, तिच्या दफनालासुद्धा तिचं माहेरचंच आडनाव, शेजारी "अमक्याची बायको" एवढंच. आपल्याकडे उलट, लग्नात आडनाव तर जायचंच, कितीतरी घरांत पहिलं नावही जायचं. माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव आम्हाला ती गेल्यावर तेराव्याला आलेल्या तिच्या चुलत बहिणीकडून कळलं, मी तेव्हा ४१ वर्षांची होते, आणि अजून ती गोष्ट मनातून जात नाही. म्हणून क्वेबेकच्या त्या जाड वह्यांमध्ये अठराव्या शतकातली एखादी अडाणी शेतकरी बाई जन्मापासून मरेपर्यंत एकाच नावाने दिसते ना, तेव्हा मला फार बरं वाटतं.

आणि तिथल्या लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचे आईवडील, नवरीचे आईवडील, दोन्ही आयांची माहेरची आडनावं, कोण कुठल्या पॅरिशचे, सगळं असतं. म्हणजे एक लग्न सापडलं की मागच्या दोन लग्नांचा पत्ता त्यात लिहिलेला. ही साखळी धरून लोक सरळ सतराव्या शतकापर्यंत जातात, जगात फार थोड्या ठिकाणी शेतकऱ्यांच्या घरांना हे शक्य आहे. नोंदी १६२१ पासून आहेत, आणि पुढे दोन प्रती करायचा नियम आला, एक चर्चमध्ये आणि एक कोर्टात, त्यामुळे चर्च जळलं तरी दुसरी प्रत राहते.

तर असं करा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून सगळ्या राज्याच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी आहेत. त्यांचं लग्न लॉवेलला झालं असेल तर तिथे दोघांच्या आईवडिलांची नावं मिळतील. १९०० च्या जनगणनेत लग्नाला किती वर्षं झाली हा रकाना आहे, त्यातून लग्नाचं साल काढा आणि पुढेमागे दोन वर्षं शोधा. किंग, रॉय, दोन्ही बघा. तिथे नसेल तर मुलांच्या जन्माच्या नोंदी बघा, त्यात आईचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा असतं, पण इंग्रज कारकुनाने मोडूनतोडून लिहिलेलं, म्हणून एका मुलावर थांबू नका, सगळ्या मुलांच्या नोंदी काढून शेजारी ठेवा आणि मोठ्याने वाचा, कानाने ओळखू येतं. थडगीही बघा, फ्रेंच दफनभूमीत दगडावर बऱ्याचदा बाईचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. आणि "मेरी"वर विसंबू नका. त्या काळात जवळजवळ प्रत्येक मुलीला बाप्तिस्म्याला मारी (म्हणजे मेरीच) लावायचे आणि प्रत्येक मुलग्याला जोसेफ, खरं हाक मारायचं नाव त्याच्यानंतरचं, ती डेलिमा असेल, एक्झिल्डा असेल, रोझाना असेल.

माहेरचं आडनाव हाती आलं की मग क्वेबेक. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर तिथल्या कॅथलिक रजिस्टरांचे फोटो फुकट बघायला मिळतात, फक्त खातं उघडावं लागतं. ड्रुअँ इन्स्टिट्यूटची पैसे भरून वापरायची साइट आहे, तिथे नवरा आणि बायको दोघांची आडनावं जोडीने टाकून शोधता येतं, हे सगळ्यात कामाचं, कारण नुसते रॉय हजारो आहेत पण रॉय आणि अमुक अशी जोडी थोडीच. एक महिन्याची वर्गणी घ्या आणि महिनाभर झोपू नका! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या मागच्या पिढ्यांसाठी माँट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून केलेलं लोकसंख्येचं काम आहे, पीआरडीएच म्हणतात त्याला, तिथे प्रत्येक माणसाच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत.

मागे गेल्यावर एक खड्डा आहे तो आत्ताच सांगून ठेवते. तिथे दोन-दोन आडनावं असतात, मध्ये "दी" हा शब्द, म्हणजे "उर्फ". रॉय दी देजार्दँ, रॉय दी ओडी अशी. बरीचशी सैनिकांची टोपणनावं आहेत, १६६५ ला फ्रान्सच्या राजाने कारिन्यां-सालिएर नावाची पलटण पाठवली, साधारण बाराशे माणसं, त्यातले चारेकशे तिथेच राहिले आणि त्यांची टोपणनावं मुलांना चिकटली. पुढे एका भावाने रॉय धरलं, दुसऱ्याने देजार्दँ, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झाली. आपल्याकडे कुलकर्णी आणि गावावरून पडलेलं आडनाव अशी दोन्ही एकाच घरात असतात तसंच. आणि सगळे रॉय एकाच माणसाचे वंशज नव्हेत. आंत्वान रॉय दी देजार्दँ म्हणून एक त्या पलटणीतला, पिंपं बनवणारा कारागीर होता, त्याने १६६८ ला मारी माझोर या बाईशी लग्न केलं, ती "राजाच्या मुलीं"पैकी, म्हणजे १६६३ ते १६७३ मध्ये राजाने हुंडा देऊन फ्रान्सहून पाठवलेल्या आठशेच्या आसपास मुलींपैकी एक. पुढे १६८४ ला लाशीनला त्याचा खून झाला, ज्याच्या घरात तो सापडू नये तिथे सापडला म्हणून. इंटरनेटवर प्रत्येक रॉय स्वतःला या आंत्वानलाच नेऊन जोडतो कारण गोष्ट चटकदार आहे. तुम्ही तसं करू नका. लोकांनी टाकलेल्या तयार झाडांवरून एकही नाव उचलू नका, मूळ पानाचा फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची पिढी लिहायची नाही. मी माझ्या पहिल्या वर्षी हे पाळलं नाही आणि एका शेजारणीला भलत्याच घराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ छापून दिली, तिने ती फ्रेम केली होती. जाऊन सांगावं लागलं, तो दिवस मी विसरणार नाही.

प्रश्न : मी पुण्यात फ्रेंच शिकतोय, बी-टू लेव्हल झालीये. मावशी कॅनडात आहे, तिच्या मैत्रिणीच्या घराण्याच्या नोंदी वाचून द्यायला सांगितल्यात. मला वाटलं सोपं असेल, पण एक ओळ धड वाचता येत नाहीये. शिकलेल्या फ्रेंचचा काही उपयोगच नाही का?

उत्तर : आहे रे, खूप आहे, फक्त हस्ताक्षराची सवय हवी. आपल्याकडे चांगलं मराठी येणारा माणूसही मोडी समोर आली की गप्प होतो, तसंच आहे हे. यात मोठी सोय म्हणजे पाद्री वर्षानुवर्षं तीच वाक्यं लिहितो. म्हणून ज्याचं पान हवंय ते आधी उघडू नकोस. त्याच पाद्र्याच्या हातची दहा-बारा पानं मागची वाच, पंधराव्या नोंदीला तुला न बघता पुढचा शब्द कळेल. समासात बी, एम, एस अशी अक्षरं असतात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. तारखा आकड्यात नसतात, अक्षरात लिहितात, "एक हजार आठशे साठ आणि एक" अशा, त्या आधी पाठ कर.

काही शब्द मात्र क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. एफ-ई-यू असा तीन अक्षरी शब्द नावाआधी दिसला तर तो विस्तव नव्हे, कैलासवासी. लग्नात वडिलांच्या नावाआधी तो असेल तर त्या तारखेच्या आधी ते वारले, मृत्यूची नोंद शोधायची हद्द आपोआप मिळाली. माझर आणि मिनर म्हणजे सज्ञान-अज्ञान, पण सज्ञान होण्याचं वय आधी २५ होतं आणि अठराव्या शतकाच्या शेवटाकडे २१ झालं, म्हणून वय काढताना साल बघ. क्युल्तिवातर म्हणजे स्वतःची जमीन कसणारा, जूर्नालिए म्हणजे रोजंदारीवाला. बाप मुलाच्या पहिल्या बाप्तिस्म्याला क्युल्तिवातर आणि पाचव्याला जूर्नालिए असेल तर जमीन गेली, आणि बहुतेक वेळा सहावं मूल अमेरिकेत सापडतं. एका शब्दात अख्खं घर उठलेलं असतं. ओंद्वाये म्हणजे बाळ जगेल असं वाटत नव्हतं म्हणून सुईणीने किंवा घरातल्या कुणी घाईघाईने घरीच पाणी घालून केलेला बाप्तिस्मा.

आणि दिस्पाँस हा शब्द दिसला की सावध हो, त्यात सोनं आहे. नवरा-नवरी नात्यातले असले तर चर्चची परवानगी लागायची आणि नातं किती अंशाचं ते लिहायचे. तिसरा अंश म्हणजे दोघांचे पणजोबा एक, चौथा म्हणजे खापरपणजोबा एक. आपल्याकडे गोत्र आणि सपिंड बघतात तसंच. जिथे आईबापांची नावं पुसट आहेत किंवा दोन सारख्याच नावाची माणसं आहेत तिथे हा एक शब्द वाद मिटवतो. लग्नं बहुतेक नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, कारण ख्रिसमसच्या आधीचे आणि ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लग्नाला वर्ज्य आणि उन्हाळ्यात शेतीतून डोकं वर काढता येत नाही. शोधताना आधी ते महिने बघ, वेळ वाचेल. आणि सगळ्यात शेवटची ओळ सोडू नकोस, कुणाला सही करता आली आणि कुणाला नाही ते तिथे असतं. माझ्या अनुभवात ही ओळ भाषांतर करून दिली की माणसं सगळ्यात जास्त वेळ तिच्याकडे बघतात.

नोटरीचे कागदही विसरू नकोस, लग्नाचे करार, मेल्यानंतर घरातल्या वस्तूंच्या याद्या, अगदी भांडी, गाय, जुनं पांघरुण इथपर्यंत. ते क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारात आहेत. हस्ताक्षर भयंकर, पण तू वाचशील.

प्रश्न : बायको फ्रेंच-कॅनेडियन वंशाची आहे. डीएनए टेस्ट केली तर हे सगळं कागद न वाचता मिळेल ना? टेस्टमध्ये तिला हजारो नातेवाईक दाखवतात.

उत्तर : नाही मिळणार. फ्रान्सहून येऊन तिथे कायमची राहिलेली माणसं मुळात दहा हजारांच्या आसपास, आणि पुढची दीडशे-दोनशे वर्षं त्यांच्याच मुलानातवंडांची आपसात लग्नं. त्यामुळे कुठलेही दोन फ्रेंच-कॅनेडियन एकमेकांचे पाच-सात बाजूंनी दूरचे भाऊबहीण असतात, आणि टेस्ट ते सगळे तुकडे मिळवून "जवळचं नातं" असं दाखवते. दत्तक मूल, बापाचं नाव नसलेलं मूल अशा ठिकाणी टेस्ट फार उपयोगी, पण बाकी घराण्याला कागद जास्त भरवशाचा. आणि करायचीच असेल तर बायकोच्या घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, एकाच्या लाळेतून सगळ्या घराच्या गोष्टी बाहेर येतात.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, ती किंगवाली. अंक यायच्या आधी तुम्ही मेलवर उत्तर पाठवलंत, तेव्हापासून घरात स्वयंपाकाकडे लक्ष नाही. सापडले! लॉवेलच्या लग्नाच्या नोंदीत तो किंग, ती फोर्की लिहिलीये, फोर्की म्हणजे काय ते दोन दिवस कळेना, मग मोठ्याने वाचत सुटले, फोर्तिए! ती जोडी टाकली आणि सेंट-हायसिंथच्या बाजूच्या एका पॅरिशमध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला, १८८२ सालचा, म्हणजे बाळंतपणाला माहेरी गेली होती! आणि वहीत आडनाव रॉयच. मी एकटीच ओरडले. पण आता एक वेगळंच झालंय. १९०० च्या जनगणनेत मुलं झाली ११, हयात ६ असं आहे. म्हणून मृत्यूच्या नोंदी बघितल्या. पाचांपैकी चार मिळाली, सगळी दोन वर्षांच्या आतली, त्यातली तीन उन्हाळ्यातच गेलेली. एक मुलगा १८८४ चा, ८५ च्या ऑगस्टमध्ये गेला. विहीणबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्या फोटोकडे बघून नेहमी म्हणतात बाई किती कडक दिसते. सांगू की नको? त्या दिवसापासून मला लॅपटॉप उघडवत नाही.

उत्तर : काकू, लॅपटॉप चार दिवस बंदच ठेवा. हे सगळ्यांचं होतं, मी एकदा एका घराची अशी सात मुलं एका दुपारी काढली आणि नंतर आठवडाभर त्या कामाला हात लावला नाही.

मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. बहुतेक "कॉलरा इन्फँटम" असं लिहिलेलं असेल, तो खरा कॉलरा नव्हे, उन्हाळ्यात लहान मुलांना होणारे जुलाब-उलट्या. लिटल कॅनडातली दाटीवाटीची लाकडी घरं, घाण पाणी, नासलेलं दूध, आणि आई पहाटेपासून मिलमध्ये. तिच्या हातून काही राहून गेलं असं नव्हतं, हे विहीणबाईंना सांगताना नीट सांगा. ती वस्तीही आता नाही, १९६० च्या दशकात नवीन शहर करायचं म्हणून पाडली, त्यामुळे बघायला जायचं म्हटलं तर रस्ताही सापडत नाही.

सांगा मात्र नक्की. माझं मत स्पष्ट आहे, हे लपवायचं दुःख नाही, यात कुणाची लाज नाही, फक्त विसरलेली मुलं आहेत. पण मेलवर तक्ता पाठवू नका आणि मुलीकरवी निरोपही नको. तुम्ही स्वतः बोला, व्हिडिओ कॉलवर, मुलगी भाषेला शेजारी बसेल. आकड्याने सुरुवात करू नका, नावांनी करा. आधी बाळंतपणाला माहेरी गेल्याची गोष्ट सांगा, ती त्यांना फार आवडेल, मग एकेक मुलाचं नाव. पाचवं मूल शोधायचं राहिलंय ते क्वेबेकच्या वहीत दफनांमध्ये बघा, ८२ मध्ये बाळ तिथे जन्मलं तसं एखादं तिथेच गेलंही असेल. लॉवेलच्या फ्रेंच लोकांची सेंट जोसेफ दफनभूमी शेजारच्या चेम्सफर्डमध्ये आहे, तिथे ऑफिसमध्ये पत्र टाकून कुटुंबाची जागा विचारा, लहान मुलांना दगड नसतो पण रजिस्टरमध्ये असतात. मुलगी-जावई तिथून लांब नाहीत, नातवाला घेऊन जाऊन येतील.

आणि तुम्ही जोडलेले फोटो मी मोठे करून बघितले. १८८४ चा तो मुलगा, ऑगस्टमध्ये गेलेला, त्याचं नाव आणि १८८७ ला झालेल्या मुलाचं नाव एकच आहे. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायची त्या घरांत रीतच होती. हा १८८७ चा म्हणजे विहीणबाईंचे आजोबा, ज्यांच्या मांडीवर त्या खेळल्यात. त्यांच्या आजोबांचं नाव आधी कुणाचं होतं ते त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.